घरून करून आणा

अकलूजच्या आसपास राहणाऱ्या मुलामुलींना कॉलेजात नाव घालणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे शंकरराव मोहिते-पाटलांनी उभ्या केलेल्या शिक्षण प्रसारक मंडळापासून पुढच्या दोन-तीन पिढ्यांत इथे कला, वाणिज्य, विज्ञान, शेती, अभियांत्रिकी अशी एकेक सोय होत गेली. पूर्वी विद्यापीठाच्या कामासाठी कोल्हापूर गाठावं लागे. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि २०१९पासून त्याला अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. आरक्षण आहे, शिष्यवृत्ती आहे, एसटीचा पास आहे. प्रवेशाच्या दारापाशी दीडशे वर्षं जी भांडणं चालली त्यांतली बरीचशी निदान कागदोपत्री मिटली. म्हणूनच की काय, समता हा शब्द निघाला की आम्हा प्राध्यापकांच्या डोळ्यांपुढे प्रवेशाची यादी येते आणि ती एकदा फलकावर लागली की आपला भाग संपला असं वाटू लागतं. इथल्या वर्गांत शिकवताना जे दिसत आलं त्यावरून माझं मत वेगळं झालं आहे. जून-जुलैत यादी लागते तेव्हा मुलं बऱ्यापैकी एका रेषेत उभी असतात. त्यानंतर त्यांच्यात जे अंतर पडत जातं त्याला बाहेरची परिस्थिती कारण आहेच. पण ती परिस्थिती गुणपत्रिकेवर उतरते ती आमच्या मदतीने. तास संपताना आम्ही जे सहज म्हणतो, "राहिलेलं घरून करून आणा", ती या कामातली सगळ्यात मोठी मदत.

कुठलाही अभ्यासक्रम एक विद्यार्थी मनात धरून आखलेला असतो. आमच्या मनातला विद्यार्थी कॉलेजच्या जवळ राहतो, त्याला घरी बसायला टेबल आहे, संध्याकाळ मोकळी आहे, अडलं तर विचारायला थोरली बहीण किंवा खासगी क्लास आहे. त्याच्यासाठी तास म्हणजे विषयाची तोंडओळख. खरा अभ्यास तो संध्याकाळी करतो. असे विद्यार्थी आमच्या माळशिरस तालुक्यात नाहीत असं नाही. पण वर्गातल्या बाकीच्यांच्या संध्याकाळी कुठे जातात ते पाहावं. नीरा उजव्या कालव्याच्या भिजणीतल्या गावचा, उसाच्या घरचा मुलगा घ्या. घर खाऊनपिऊन सुखी. पण शेतीपंपाची लाइट एका आठवड्यात दिवसा असते, पुढच्या आठवड्यात रात्री. रात्रीची पाळी आली की हा पोरगा दारं धरायला रानात जातो आणि सकाळच्या पहिल्या तासाला शेवटच्या बाकावर पेंगतो. पिलीवकडच्या कोरड्या पट्ट्यातला मुलगा पाण्याची पाळी धरत नाही, कारण पाणीच नाही. तो दुपारनंतर पेट्रोल पंपावर किंवा मोबाइलच्या दुकानात उभा असतो. मेंढरं घेऊन घराणं बाहेर पडलं की धनगराच्या घरातल्या मुलाचा पत्ताच बदलतो. मुलीचा दिवस धारा आणि भाकरीने सुरू होतो, परत गेल्यावर पुन्हा चुलीपाशी संपतो. ही सगळी अपडाउन करणारी मुलं. त्यांचा दिवस एसटीच्या वेळापत्रकावर बेतलेला असतो, आमच्या नव्हे. प्रात्यक्षिक अर्धं टाकून मुली उठतात तेव्हा त्यांना विषयाची गोडी नाही असा निष्कर्ष काढला जातो. त्यांच्या गावाची शेवटची सोयीची गाडी तेवढ्यातच असते, हे कुणी विचारत नाही. २०२१च्या अखेरीला सुरू झालेला एसटीचा संप २०२२च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्या काळात हजेरीपत्रकं पाहिली असती तर कोणत्या गावाला खासगी जीप जाते आणि कोणत्या गावाला जात नाही याचा नकाशा त्यांतून काढता आला असता. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम मात्र सगळ्यांना सारखा.

महाराष्ट्रात ज्यांनी हा प्रश्न मुळापासून हाताळला त्यांना घराचं हे वजन नेमकं ठाऊक होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह सुरू केलं. १९४७ साली तिथेच छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. औरंगाबादला बाबासाहेबांनी १९५० साली कॉलेज सुरू केलं, पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळालं. तिथेही मुलांच्या राहण्याजेवणाचा विचार शिकवण्याइतकाच मोलाचा होता. या माणसांनी मुलाला नुसता प्रवेश दिला नाही. दिवा, जेवण, सोबत आणि मोकळा वेळ दिला. म्हणजे घरून जे मिळायचं ते सगळं संस्थेने स्वतःकडे घेतलं. आज तालुक्या-तालुक्यात कॉलेज पोचलं आणि मूल घरी राहून शिकू लागलं. त्याचे फायदे आहेतच, विशेषतः मुलींना. लांब ठेवायचं म्हटलं असतं तर निम्म्या मुलींची नावं बारावीनंतर कमी झाली असती. पण वसतिगृहाने उचललेला भार या बदलात पुन्हा घरावर गेला आणि शिकवण्याची पद्धत जुनीच राहिली.

इथे साखरेचा विषय टाळता येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात मुद्दा मांडला होता की सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि तीतून होणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या थरांना मिळतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्याने त्या तक्रारीला अर्धं उत्तर दिलं. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३०च्या दशकात शेजारच्या माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. पुढे सहकारी कारखाने आले, आणि या सगळ्या टापूत ऊसबिलातून टनामागे कपात करून शाळा-कॉलेजं उभारण्याची रीत पडली. पैसा रयतेचा आणि शिकणारी मुलंही रयतेची, हे मोठंच काम झालं; त्याची टिंगल करणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण ज्याच्या नावावर ऊसबिलच निघत नाही तो या हिशेबात कुठे बसतो? हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन इकडच्या फडांत उतरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणून हंगामाआधी लग्नंही लवकर उरकली जातात. त्यांच्यातला पदवीच्या वयाचा मुलगा तिकडच्या कॉलेजच्या पटावर असतो आणि देहाने इकडे, कोपीत. नोव्हेंबर-डिसेंबरात गाळप जोरात असतं, नेमकी तेव्हाच पहिल्या सत्राची परीक्षा येते. त्याच्या कॉलेजातही कुणी तरी त्याला जर्नल घरून पूर्ण करून आणायला सांगितलेलं असणार. शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली ती याच जाणिवेतून, आणि ती योग्य दिशेची आहे. पण वसतिगृह मिळालेल्या मुलांपेक्षा न मिळालेलीच जास्त राहणार, आणि ती आमच्या वर्गात बसणार.

मग वर्गात काय करता येतं? या बाबतीत मला सगळ्यात पटलेलं उदाहरण परदेशातलं आहे. अमेरिकेत बर्कली इथल्या विद्यापीठात १९७०च्या दशकात उरी ट्रीझमन नावाच्या गणितज्ञाला प्रश्न पडला की कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी इतक्या मोठ्या संख्येने का नापास होतात. सहकाऱ्यांकडे उत्तरं तयार होती: इच्छा कमी, पाया कच्चा, घरचं वातावरण नाही, परिस्थिती गरिबीची. आमच्या स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी निघणारी कारणं यापेक्षा निराळी नसतात. ट्रीझमनने विद्यार्थी प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात हे जवळून पाहिलं, तेव्हा ही कारणं टिकेनात. मुलं भरपूर बसत होती, पण एकेकटी. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र आधी स्वतः सोडवत आणि मग एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत, कोणता प्रश्न खरोखर अवघड आहे आणि कोणता आपल्यालाच जमत नाही हे पडताळून घेत. त्यावर ट्रीझमनने उजळणीचे वर्ग काढले नाहीत. एकत्र बसून सोडवायच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि त्यांत नेहमीपेक्षा कठीण उदाहरणं ठेवली. निकाल बदलले. यातला कळीचा भाग असा की एका गटाला घरी आणि मित्रांत आपोआप मिळणारी गोष्ट विद्यापीठाने वेळापत्रकात आणली, आणि अपेक्षा खाली न आणता वर नेली.

ही एकट्या माणसाची गोष्ट म्हणून सोडून देता येईल. पण नंतर मोजमापंही झाली. २०१४ साली विज्ञान-अभियांत्रिकीच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्र ताळा प्रसिद्ध झाला. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापासाचं सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं. ज्या वर्गांत मुलं तासातच सोडवतात, बोलतात, लिहितात तिथे ते २२च्या आसपास आलं. २०२०च्या दुसऱ्या ताळ्यात, अशा शिकवण्याने वंचित गटांतले विद्यार्थी आणि इतर यांच्यातलं परीक्षेच्या गुणांतलं अंतर सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं असं आढळलं. त्यातही एक अट दिसली: तासाचा बराचसा वेळ असा गेला तरच हा परिणाम येतो, शेवटची पाच मिनिटं चर्चेला दिल्याने काही होत नाही. अमेरिकेतले आकडे अकलूजला लावू नयेत हे मलाही मान्य आहे. तिथला वर्ग वेगळा, बाकं वेगळी. पण यंत्रणा समजून घेतली तर ती इथे अधिकच लागू पडते. जो अभ्यास तासात होतो तो रात्रीच्या लाइटवर अवलंबून राहत नाही. पुढच्या बाकावरच्यांनी मागे तोंड केलं की चौघांचा गट होतो. त्याला फिरती खुर्ची लागत नाही. व्याख्या फळ्यावर उतरवून द्यायला लागणारी वीस मिनिटं छापील पानाने वाचतात आणि त्याच वीस मिनिटांत दोन उदाहरणं मुलांच्या हातून सुटतात. जर्नल प्रयोगशाळेतच, वाचनं घेतल्याबरोबर लिहून सही करून घेतलं, की दुसऱ्याच्या जर्नलवरून नक्कल करण्याचा अख्खा उद्योग बसतो. याच वेळी आणखी एक गोष्ट ध्यानात येते. प्रात्यक्षिकाच्या गटात ब्युरेट बहुतेक वेळा मुलाच्या हातात असतं आणि वही मुलीच्या. अक्षर चांगलं म्हणून वाचनं तिने लिहायची, आणि मग तोंडी परीक्षेत उपकरण हाताळता येत नाही म्हणून गुणही तिचेच कापायचे. हातांची अदलाबदल सांगून करावी लागते. आपोआप होत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: असं शिकवलं तर अभ्यासक्रम पुरा कसा होणार, आणि दर्जाचं काय? अभ्यासक्रम पुरा होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी स्वतःला विचारायला हवं. प्राध्यापकाच्या डायरीत शेवटचं प्रकरण लिहिलं जातं, एवढं नक्की. ते प्रकरण घरी जाऊन समजून घ्यायला ज्यांना संध्याकाळ होती त्यांच्यासाठी ते पूर्ण झालं. बाकीच्यांसाठी ते सांगून झालं. दर्जाचं म्हणाल तर तो खालावण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे आणि तिला कुणी आक्षेप घेत नाही. सत्राच्या शेवटी आयएमपी प्रश्न सांगायचे, गाईडातली उत्तरं चालवून घ्यायची, अंतर्गत गुण सढळ हाताने द्यायचे आणि एटीकेटीच्या आधाराने सगळ्यांना पुढे ढकलायचं. हे दयेपोटी होतं असं सांगतात. पण या दयेचा खर्च कुणावर पडतो? ज्या मुलाच्या घरी दुसरं शिकलेलं माणूस आहे तो स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये पुन्हा शिकून घेतो. ज्याच्या शिकण्याची एकमेव जागा आमचा वर्ग होती, त्याच्या हातात पदवी राहते आणि पदवीतलं काही राहत नाही. गरीब मुलाला सोपं देणं हा त्याच्यावरचा अविश्वास आहे. ट्रीझमनच्या कठीण उदाहरणांची आठवण मला यासाठीच महत्त्वाची वाटते.

दुसरा आक्षेप अधिक सज्जन आहे आणि म्हणून अधिक अडचणीचा: "मी वर्गात कुणाची जात बघत नाही, माझ्यासाठी सगळे सारखे." म्हणणाऱ्याच्या मनाबद्दल मला शंका नाही. प्रश्न मनाचा नाहीच. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या ग्रामीण शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांची कामगिरी जवळपास सारखी होती. सर्वांसमक्ष नाव-गाव-जात वाचून दाखवल्यानंतर दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच, मुलं तशीच, फक्त जात मोठ्याने उच्चारली गेली. आता आपल्या कॉलेजांत काय होतं ते आठवा. चालू तासात शिपाई नोटीस घेऊन येतो. "मागासवर्गीय शिष्यवृत्तीचे अर्ज अपूर्ण असलेल्या खालील विद्यार्थ्यांनी कार्यालयात भेटावे", आणि नावं वाचली जातात. महाडीबीटीच्या पोर्टलवर अर्ज अडकला की ही वेळ सत्रात अनेकदा येते. वाचणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण त्या प्रयोगातला वाचणाराही मुलांना दुखावायला बसला नव्हता. मोबाइलवर एक संदेश पाठवून हे काम भागतं, आणि तरीही नोटीस फिरते, कारण ती फिरत आली आहे.

उत्तरपत्रिकांचंही तसंच. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतातच एक प्रयोग केला: मुलांच्या उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर जात अदलून-बदलून, चिठ्ठ्या टाकल्यासारखी लावली आणि शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालच्या मानलेल्या जातीच्या नावाने गेलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. त्याहून विचार करायला लावणाऱ्या दोन गोष्टी पुढे आल्या. एक, हा फरक गठ्ठ्याच्या सुरुवातीच्या पेपरांत जास्त होता. गुण कसे द्यायचे हे तपासणाऱ्याचं अजून बसलेलं नव्हतं तोवर तो आडनावाचा आधार घेत होता. दोन, असं करणाऱ्यांत स्वतः खालच्या मानलेल्या जातींतले शिक्षक अधिक होते. म्हणजे चांगल्या माणसांनी तपासलं किंवा आपल्या माणसांनी तपासलं, यावर निर्धास्त राहता येत नाही. उपाय मनशुद्धीचा नाही, कारकुनी आहे. उत्तराचे मुद्दे आणि त्यांचे गुण गठ्ठा सोडण्याआधी लिहून काढायचे, पहिले काही पेपर शेवटी पुन्हा पाहायचे, आणि अंतर्गत परीक्षेलाही नावाऐवजी क्रमांक ठेवायचा. विद्यापीठाच्या परीक्षेत ओळख झाकण्याची काळजी घेतली जाते. अंतर्गत गुणांच्या बाबतीत ती कुणाला आठवत नाही, आणि नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत अंतर्गत गुणांचं वजन वाढतं आहे. वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या पायल तडवीच्या २०१९मधल्या मृत्यूनंतर उच्च शिक्षणातल्या जातिभेदावर न्यायालयात आणि बाहेर बरीच चर्चा झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाची समतेबाबतची नियमावली तर २०१२पासून होती. तक्रार निवारण समित्या हव्यातच. पण समितीपर्यंत जाणारी गोष्ट मोठी असावी लागते. नोटीस वाचणं आणि दोन गुण कमी पडणं यांची तक्रार कुणी करत नाही.

भाषेच्या बाबतीत फार लिहीत नाही, कारण तिच्यावर सगळेच लिहितात. मराठी माध्यमातून आलेली मुलगी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला मराठीत समजून घेते आणि इंग्रजीत पाठ करते. या दोन्हींच्या मधलं लिखाण तिच्याकडून कुणी करून घेत नाही, ते पुन्हा घरावर सोडलेलं असतं. अभ्यासक्रम इंग्रजीतला असला तरी उत्तरं स्थानिक भाषेत लिहू द्यावीत, असं अनुदान आयोगाने २०२३ साली विद्यापीठांना सुचवलं. चांगलंच आहे. तरी वर्गातच, माझ्यासमोर, एक परिच्छेद आधी मराठीत आणि मग इंग्रजीत लिहिण्याला त्याने पर्याय मिळत नाही. पुढे नोकरीच्या अर्जावर आयोगाचं परिपत्रक चालत नाही.

कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनाने या सगळ्याला एक चौकट दिली. तीत विद्यार्थ्यांच्या विविधतेसाठी काय केलं असं विचारलेलं असतं, आणि आम्ही पहिली चाचणी घेऊन 'स्लो लर्नर' आणि 'अॅडव्हान्स्ड लर्नर' अशा दोन याद्या करतो. फाइल तयार होते. 'स्लो' ठरलेल्यांसाठी जादा तास लावला जातो, बहुधा दिवसाच्या शेवटी. ज्यांना गाडी गाठायची असते तेच त्या यादीत असतात, त्यामुळे जादा तासालाही तेच गैरहजर, आणि यादी बरोबर होती असं सिद्ध होतं. ती चाचणी आकलनाचा वेग मोजत नाही. मोकळ्या संध्याकाळी मोजते. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे निदान डोळ्यांना दिसतं. २०१६च्या कायद्याने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखल्या आणि रॅम्प बांधले गेले, पण वर्ग पहिल्या मजल्यावर असेल तर वेळापत्रक करणाऱ्यानेच तो तळमजल्यावर आणावा लागतो. त्या विद्यार्थ्याला कुणी 'स्लो' म्हणत नाही. बाकीच्यांचे मजले दिसत नाहीत, इतकंच.

तिसरा आक्षेप आमच्याच लोकांचा असतो, स्वतः गरिबीतून वर आलेल्या प्राध्यापकांचा: आम्हाला कुणी काय दिलं होतं? चिमणीच्या उजेडात शिकलो, जिद्द असली की होतं. या माणसांबद्दल मला आदर आहे आणि त्यांच्या कष्टांत एक पैचीही अतिशयोक्ती नसते. पण वर्गात पोचलेल्यांपैकी कोण वर आलं हे बोलायला उरलेला माणूस सांगतो. जे मागे राहिले ते स्टाफरूममध्ये नसतात. शिवाय जिद्दीची परीक्षा घ्यायची तर ती सगळ्यांची घ्या. शहरातल्या डॉक्टरच्या मुलाला कॅल्क्युलस यावं म्हणून रात्रभर दारं धरायला कुणी पाठवत नाही.

चौथ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरं उत्तर नाही. हे सगळं करायचं कुणी? जागा रिकाम्या आहेत, बरेच विषय तासिका तत्त्वावरचे शिक्षक ओढतात, त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. बसून जर्नल तपासण्याचे, गटांत फिरण्याचे, मुद्देसूद गुणपत्रक तयार करण्याचे मिळत नाहीत. ज्याचं स्वतःचं पुढचं वर्ष पक्कं नाही त्याने मुलांच्या संध्याकाळींचा विचार करावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे. समतेचं धोरण शिक्षकभरतीपासून वेगळं काढून बोलणाऱ्यांवर म्हणून माझा विश्वास बसत नाही. तरीही वर सांगितलेल्या गोष्टींपैकी काही अशा आहेत ज्यांना वेळ जादा लागत नाही, उलट वाचतो: छापील टिपण, प्रयोगशाळेतलं जर्नल, मोबाइलवरची सूचना, पेपरावरचा क्रमांक. बाकीच्यांसाठी भांडावं लागेल.

आणि एक जागा अशी आहे जिथे वर्गातली कुठलीही सुधारणा पोचत नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयोगटातल्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. सोलापूर जिल्ह्यात हे प्रमाण चाळीसच्या घरात. कॉलेजात आलेल्या मुली या गाळणीतून वाचलेल्या असतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात त्यांतल्याही काहींची नावं हजेरीपत्रकावर नुसतीच राहतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची फी २०२४पासून राज्य शासनाने माफ केली. मोठा निर्णय आहे, मात्र बीएच्या दुसऱ्या वर्षाला गळणारी मुलगी फीमुळे गळत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोनानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि तीन वर्षांच्या आत परत येण्याची वाट आहे. टीकाकार म्हणतात, ही गळतीला दिलेली मान्यता आहे. मला तसं सरसकट वाटत नाही, कारण मुली बाहेर पडतच होत्या आणि रिकाम्या हाताने पडत होत्या. मात्र परतीची वाट कागदावर जितकी सरळ दिसते तितकी इथे नाही. अकलूज नीरेच्या काठी आहे आणि पलीकडचा काठ पुणे जिल्ह्याचा. इकडची मुलगी इंदापूर तालुक्यात दिली की नदी ओलांडताच तिचं विद्यापीठ बदलतं, विषयांच्या जोड्या बदलतात. इकडे मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक क्रेडिट बँकेत तिच्या नावावर जमा असले तरच तिकडच्या कॉलेजला ते दिसणार. ते जमा आहेत की नाहीत हे तिला लग्नाआधी कुणी तरी सांगायला हवं: तिचा क्रमांक, कोणत्या विषयांचे श्रेयांक चढले, राहिलेल्या एटीकेटीचं काय होणार, परत यायची मुदत कधी संपते. हे काम परीक्षा विभागाचं, कार्यालयाचं की वर्गशिक्षकाचं, हे बहुतेक कॉलेजांत अजून कुणाच्याही नावावर लिहिलेलं नाही.